काटकोनातला आरसा आणि नवरीची नथ

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीकडच्या एक ताई नवरीच्या मेकअपचं काम करतात. त्या विचारतात: "आरशात बघताना नवरी खूश असते. मोबाईलवर फोटो काढून दाखवला की म्हणते, माझा चेहरा वाकडा दिसतोय, एक भुवई वर गेलीय. मग सगळं पुसून पुन्हा करायला लावतात. उलटं न दाखवणारा आरसा मिळतो असं ऐकलंय, पण बाहेरून मागवणं परवडत नाही. तो खरंच असतो का, काम कसा करतो, आणि आपल्याकडे बनवता येईल का?"

ताई, असतो. पुस्तक अर्धं उघडून टेबलावर उभं करावं तसे दोन सपाट आरसे काटकोनात उभे करायचे आणि त्यांच्या मधल्या सांध्याकडे बघायचं. तिथे जो चेहरा दिसतो तो लोकांना दिसतो तसा असतो. तुम्ही उजवा डोळा मिचकावलात तर समोरच्या बाईचा उजवा डोळा मिचकतो, म्हणजे तुमच्या डाव्या हाताकडचा. न्यूयॉर्कमध्ये जॉन वॉल्टर नावाच्या गृहस्थांनी असे आरसे बनवून विकायचा व्यवसायच उभा केला. बनवायची कृती सांगायला दोन ओळी पुरतात, पण तो नीट जमवायला मात्र हात बसावा लागतो. मी तीस वर्षं हौशी दुर्बिणींचे आरसे घासतोय आणि काचेवर मुलामा चढवून घेतोय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी एक गैरसमज दूर करू, कारण तो गेला की पुढचं सगळं सोपं होतं. साधा आरसा डावं-उजवं बदलत नाही. उजवा हात वर करा, आरशात उजवीकडचाच हात वर जातो. डोकं वर, पाय खाली, उजवं उजवीकडे, डावं डावीकडे. बदलते ती फक्त मागची-पुढची दिशा: तुमचं नाक आरशाकडे असतं, प्रतिमेचं नाक तुमच्याकडे. रबरी मुखवटा आतून बाहेर उलटावा तसं हे होतं. मग कागदावरची अक्षरं उलटी का दिसतात? कारण ती आरशाला दाखवण्यासाठी कागद आपणच फिरवलेला असतो. पारदर्शक प्लास्टिकवर जाड पेनाने "क" लिहा आणि तुम्हाला वाचता येईल असाच तो आरशासमोर धरा. आरशातला "क"ही सरळच वाचता येईल. मुलांना हा प्रयोग जरूर दाखवा.

म्हणजे आरशातली नवरी ही वळून समोर उभी राहिलेली नवरी नसते. नथ डाव्या नाकपुडीत असते, आणि आरशात तिला ती आपल्या डाव्या हाताच्या बाजूलाच दिसते. मांडवात समोर बसलेल्या पाहुण्यांना तीच नथ त्यांच्या उजव्या हाताच्या बाजूला दिसते, फोटोतही तिकडेच. अंतरपाटापलीकडे उभ्या असलेल्या नवऱ्याला जी दिसते ती नवरी तिने स्वतः साध्या आरशात कधी पाहिलेलीच नसते.

आता काटकोनाकडे येऊ. सपाट आरशांसाठी एक हिशेब कायम लक्षात ठेवा: प्रकाश एकदा, तीनदा, असा विषम वेळा परावर्तित झाला तर प्रतिमा आरशातल्यासारखी उलटी, दोनदा, चारदा झाला तर लोकांना दिसते तशी सरळ. सलूनमध्ये केस कापून झाल्यावर न्हावी मागे छोटा आरसा धरून मान दाखवतो ना, तिथे आपण डोक्याची मागची बाजू दोन परावर्तनांनंतर बघत असतो, म्हणून ती उलटी नसते. काटकोनातल्या जोडीत हेच समोरच्या चेहऱ्याच्या बाबतीत होतं. उजव्या गालावरून निघालेला प्रकाश आधी उजव्या आरशावर पडतो, तिथून डाव्या आरशावर जातो आणि मग डोळ्यात येतो. त्यामुळे उजवा गाल डाव्या आरशात दिसतो आणि डावा उजव्यात. सांधा ही दाराची बिजागरी आहे असं समजा. त्या बिजागरीभोवती अर्धी फेरी मारून पलीकडे जाऊन तुमच्याकडे तोंड करून उभ्या राहिलात, तर जिथे असाल नेमकी तिथेच ही प्रतिमा असते. तुम्ही सांध्यापासून ५० सेंटीमीटरवर असाल तर ती सांध्यामागे ५० सेंटीमीटरवर. खरोखर वळून उभ्या राहिलेल्या माणसाची ती जागा आहे, म्हणून तर नथ योग्य बाजूला येते.

जोडी आडवी केली, म्हणजे सांधा आडवा झाला, तर फेरी आडव्या बिजागरीभोवती होते आणि तुम्ही खाली डोकं वर पाय दिसता. सांधा थोडासाच कलला असेल तर चेहरा त्याच्या दुप्पट कलतो. म्हणून चौकट बसवताना ओळंबा लावा. नुसत्या नजरेवर विसंबू नका.

खरी परीक्षा आहे ती ९० अंशांची. अर्धा चेहरा "उजवा मग डावा" या क्रमाने येतो आणि अर्धा "डावा मग उजवा" या क्रमाने. कोन अचूक काटकोन असेल तरच हे दोन अर्धे एकमेकांना बेमालूम जुळतात. कोन चुकला की दोन्ही अर्धे विरुद्ध दिशांना सरकतात, आणि त्यांच्यातली एकूण फट कोनातल्या चुकीच्या चौपट असते. पाव अंशाची चूक घ्या, गुण्या (सुताराचं काटकोन मापायचं साधन) लावूनही सहज होते तेवढी. ५० सेंटीमीटर अंतरावर चेहऱ्याच्या मध्यातला जवळजवळ ९ मिलिमीटरचा पट्टा एक तर गायब होतो नाही तर दोनदा दिसतो. कोन ९० पेक्षा जास्त असेल तर मधला भाग गिळला जातो, डोळे जवळ येतात, चेहरा निमुळता होतो. कमी असेल तर नाक रुंद होतं, आणि फारच कमी असेल तर दोन नाकं दिसतात. १५ सेंटीमीटर रुंदीच्या आरशाच्या बाहेरच्या कडेखाली ०.१ मिलिमीटर जाडीचा एक साधा कागद सरकवला तरी चेहऱ्यात सुमारे १.३ मिलिमीटरचा फरक पडतो. ज्या नवरीला भुवईतला दोन मिलिमीटरचा फरक सलतो, तिच्यासमोर असा चुकलेला आरसा ठेवण्यापेक्षा न ठेवलेला बरा. हे मी अगदी कळकळीने सांगतोय, कारण घाईने जुळवलेली जोडी चेहऱ्याबद्दल खोटं बोलते आणि बघणारी ते खरं मानते.

दुसरी अडचण सांध्याची. घरातल्या आरशाचा मुलामा काचेच्या मागे असतो. ४ मिलिमीटरच्या अशा दोन काचा कडेला कड लावून ठेवल्या तरी परावर्तन करणारे पृष्ठभाग एकमेकांना भेटतच नाहीत. मधे काचेच्या कडांची जाड हिरवट पट्टी राहते, आणि ती बरोबर नाकावर येते. शिवाय काचेच्या पुढच्या पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश वेगळा परावर्तित होऊन फिकट दुसरी प्रतिमा देतो. माझी पहिली जोडी अशाच काचांची होती. तीन संध्याकाळी कोन जुळवण्यात घालवल्या, आणि शेवटी लक्षात आलं की दोष कोनात नाही, काचेत आहे. इथे लागतो समोरून मुलामा असलेला आरसा, दुर्बिणीत असतो तसा. त्यात ॲल्युमिनियमचा थर काचेच्या पुढच्या बाजूला असतो, त्यामुळे दोन थर थेट एकमेकांना टेकवता येतात आणि सांधा केसाएवढा बारीक होतो. असा थर सुमारे ९० टक्के प्रकाश परत देतो, दोन परावर्तनांनंतर ८१ टक्के उरतो. मेकअपच्या दिव्यांखाली ही घट जाणवतही नाही.

असे आरसे मिळतात कुठे? प्रयोगापुरते हवे असतील तर भंगारात गेलेल्या झेरॉक्स मशीनमध्ये आणि स्कॅनरमध्ये बघा. त्यात समोरून मुलामा असलेल्या लांब, अरुंद पट्ट्या असतात. पुण्याच्या जुन्या बाजारात मी अशी कित्येक मशीन उघडली आहेत. पट्टी बरोबर धरली आहे का हे ओळखायची युक्ती सोपी आहे: पेन्सिलीचं टोक काचेजवळ न्या. टोक आणि त्याची प्रतिमा यांच्यात फट दिसली तर मुलामा मागे आहे, दोन्ही एकमेकांना भिडताना दिसली तर पुढे. टोक टेकवू नका, थर नाजूक असतो.

कामाच्या आरशासाठी पट्टी पुरत नाही. चेहरा दोन्ही डोळ्यांनी आरामात दिसायला प्रत्येक काच निदान २० सेंटीमीटर रुंद आणि ३० उंच घ्या, जाडी ६ मिलिमीटर. ३ मिलिमीटरची काच स्वस्त पडते, पण चौकटीत कसताना ती वाकते, आणि वाकलेल्या काचेत काटकोन एका जागी जुळतो तर दुसरीकडे सुटतो. साध्या काचेवर निर्वात यंत्रात ॲल्युमिनियम चढवून देणारे कारखाने असतात. त्यांना सांगताना "वर संरक्षक थरही द्या" हे आवर्जून सांगा. आणि सांध्याकडची कड घासून गोल करू नका म्हणावं. काच कापणारे चांगुलपणाने कडा मारून देतात, पण त्याने इथे मधली रेघ जाड होते.

चौकटीत एक काच पक्की बसवायची आणि दुसरी मागून तीन स्क्रूंवर तरंगती ठेवायची. मग जुळवणी. गुण्या फक्त सुरुवातीला लावा, शेवटचा निर्णय डोळ्याच्या बाहुलीवर सोपवा. एक डोळा मिटा आणि सांध्याकडे बघा. जो डोळा उघडा आहे त्याची बाहुली नेमकी सांध्यावर दिसेल. डोकं डावीकडे न्या, उजवीकडे न्या, ती सांधा सोडत नाही, कारण काटकोनातली जोडी आडव्या पातळीतला प्रत्येक किरण आला त्या दिशेलाच परत पाठवते. आता त्या बाहुलीचा आकार बघा. तांदळाच्या दाण्यासारखी उभी, निमुळती दिसली तर कोन जास्त आहे. आडवी ताणलेली किंवा दुहेरी दिसली तर कमी आहे. स्क्रू अगदी थोडा थोडा फिरवत ती गोल करा. मग दुसऱ्या डोळ्याने तेच, आणि मग खालच्या टोकाला हनुवटीजवळ आणि वरच्या टोकाला कपाळाजवळ बघून तपासा. यापेक्षा बारीक माप घरात कुठलंच हत्यार देणार नाही.

याच गुणामुळे एक गोष्ट जमत नाही, तीही सांगून ठेवतो: या आरशातल्या नवरीचा फोटो तिच्याच बाजूने काढता येत नाही. फोनची भिंग कायम सांध्यावरच दिसते. दोन्ही डोळ्यांनी बघताना मात्र उलट फायदा होतो. डाव्या डोळ्याला रेघ डाव्या डोळ्यावर दिसते, उजव्याला उजव्यावर, मेंदू दोन्ही जोडताना ती रेघ फिकट करून टाकतो. म्हणून बारीक रेघेची काळजी करू नका, मिनिटाभरात ती विसरायला होते.

दोन सपाट काचांऐवजी एकच वाकडी काच चालेल का, असंही कुणी विचारेल. चालते, आणि ही कल्पना फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला रोमन कवी ल्युक्रीशस याने कडा वळवलेल्या आरशांत उजवं उजव्या जागी दिसतं असं लिहून ठेवलंय, आणि प्रतिमा दोनदा फिरून येत असेल हे कारणही दिलंय. चकचकीत लवचिक पत्रा पन्हळीसारखा, उभा, आतल्या बाजूला वळवा आणि लांबून बघा. आडव्या दिशेतले किरण वाटेत एकमेकांना ओलांडतात, त्यामुळे एकाच परावर्तनात चेहरा सरळ होतो. वर सांगितलेला सम-विषमचा हिशेब सपाट आरशांपुरता आहे तो यासाठीच. स्टीलच्या डावाच्या आतल्या बाजूत हे जमत नाही, कारण तिथे किरण आडवेही ओलांडतात आणि उभेही. चेहरा खाली डोकं होतो आणि अक्षरं उलटीच राहतात. पत्र्यात चेहऱ्याची रुंदी अंतराप्रमाणे बदलत राहते, म्हणून मेकअपला तो निरुपयोगी. अमेरिकेत ड्रेक्सेल विद्यापीठातले गणिती अँड्र्यू हिक्स यांनी संगणकावर हिशेब करून असे वक्र पृष्ठभाग तयार केले आहेत ज्यात हा विपर्यास फार कमी होतो. गाडीच्या बाजूच्या आरशासाठी त्यांनी काढलेल्या वक्र आरशाला २०१२ मध्ये पेटंट मिळालं. ते काम मला फार सुंदर वाटतं, पण ते आपल्या हातचं नाही.

काटकोनाची ही युक्ती तुमच्या लग्नाच्या फोटोग्राफरच्या हातात वर्षानुवर्षं आहे. जुने स्टुडिओवाले याशिका किंवा रोलायफ्लेक्सच्या कॅमेऱ्यात वरून वाकून बघायचे, तिथे आत एकच आरसा असल्यामुळे डावं-उजवं उलटं दिसायचं आणि कॅमेरा वळवताना हात उलट्या दिशेला जायचा. डोळ्याला लावायच्या एसएलआर कॅमेऱ्यात वर जे कुबड असतं त्यात एक लोलक असतो, आणि त्याचा माथा घराच्या छपरासारखा, ९० अंशांत मिळणाऱ्या दोन उतारांचा असतो. १९४९ च्या काँटॅक्स एस या जर्मन कॅमेऱ्यापासून ही रचना रुळली. ते छप्पर म्हणजे आपलीच जोडी, फक्त काचेच्या पोटात. दुर्बिणीतल्या अशा छपराचा कोन अंशाच्या हजाराव्या भागाच्या घरात सांभाळावा लागतो, नाहीतर एका ताऱ्याचे दोन तारे दिसतात. तुमच्या आरशाला तितकी कडक शिस्त नको, कारण तिथे काही मोठं करून बघायचं नाही.

आणि जोडीच्या खाली तिसरा आरसा जमिनीसारखा आडवा ठेवला, की खोलीच्या कोपऱ्यासारखा आकार होतो. असा कोपरा कुठूनही आलेला किरण आला तिकडेच परत धाडतो. अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी १९६९ मध्ये असे १०० कोपरे चंद्रावर ठेवले. चांद्रयान-३ च्या विक्रमवरही ८ कोपऱ्यांची, सुमारे २० ग्रॅम वजनाची नासाने दिलेली छोटी टोपी बसवलेली आहे, आणि डिसेंबर २०२३ मध्ये चंद्राभोवती फिरणाऱ्या अमेरिकी यानाने सुमारे १०० किलोमीटरवरून सोडलेला लेझर तिने परत पाठवला. तुमच्या पार्लरमधला काटकोन आणि तिथला काटकोन एकाच नियमाने चालतात, हे मला सांगितल्यावाचून राहवत नाही.

आता मुद्द्याचं: तुमच्याकडे येणाऱ्या नवरीला याचा उपयोग होईल का? होईल, पण तुम्हाला वाटतो तसा नाही. पहिल्यांदा या आरशात बघणारी जवळजवळ प्रत्येक व्यक्ती दचकते. मी दाखवला तेव्हा माझी बहीण म्हणाली, "हे मी नाहीच." कारण सरळ आहे. कुणाचाच चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा नसतो. समजा तिची उजवी भुवई दोन मिलिमीटर वर आहे. वीस-पंचवीस वर्षं तिने ती आपल्या उजव्या बाजूला वर बघितली आहे आणि नजरेने ते पोटात घेतलं आहे. या आरशात ती डावीकडे जाते. सवयीच्या चित्राशी तुलना केली की फरक दोनाचा राहत नाही, चाराचा होतो. फोटोतही नेमकं हेच घडतं. १९७७ मध्ये मीता, डर्मर आणि नाइट या अमेरिकी संशोधकांनी विद्यार्थिनींना त्यांचाच फोटो सरळ आणि उलटा असा दोन प्रकारे दाखवला. त्यांना स्वतःला आरशातल्यासारखा उलटा फोटो जास्त आवडला, आणि त्यांच्या मैत्रिणींना सरळ. ज्याला जो चेहरा रोज दिसतो, त्याला तो आवडतो.

म्हणून नवरीला हे सांगा: तुझ्या माणसांना तू फोटोतल्यासारखीच माहीत आहेस आणि तशीच आवडतेस. वाकडं दिसतंय ते फक्त तुला. तिची समजूत काढायला म्हणून हे सांगायचं नाही. ते मोजून दाखवलेलं आहे. त्यात मोबाईलची भर पडते ती वेगळी. हात लांब करून काढलेल्या फोटोत कॅमेरा फार जवळ असल्याने नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. ट्रायलचा फोटो दीड-दोन मीटरवरून थोडा झूम करून काढा, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतील. सेल्फी कॅमेऱ्यात पडद्यावर आरशासारखं दिसतं आणि बऱ्याच फोनमध्ये फोटो सरळ साठवला जातो, त्यामुळे बटण दाबताक्षणी चेहरा "बदलतो". ते कारणही तिला आधीच सांगून ठेवा.

काटकोनी आरसा लग्नाच्या दिवशी काढू नका. ट्रायलला बोलावता त्या दिवशी तिला त्याच्यासमोर दहा-पंधरा मिनिटं बसवा, गप्पा मारा, हसवा. बघता बघता नजर सरावते. ती घरी जाऊन फोटो बघेल तेव्हा धक्का कमी असेल. तुमच्या स्वतःच्या कामालाही उलट्या-सरळ चेहऱ्याची ही तुलना उपयोगी आहे, आणि त्याला साधा आरसा पुरतो: मेकअप झाल्यावर नवरीच्या मागे उभ्या राहून साध्या आरशात एकदा बघा, मग तिच्या समोर येऊन थेट बघा. दोन्हीकडे भुवया जुळल्या तर काम बरोबर आहे. पण आयलायनर, कुंकू, भांग यातलं काहीही तिला स्वतःला या आरशात बघून करू देऊ नका. हात नेहमीच्या सवयीने उलट्या बाजूला जातो आणि डोळ्याजवळ टोकदार वस्तू असते.

निगा राखताना एवढंच पाळा. समोरचा मुलामा फडक्याने पुसायचा नाही, एकदाही नाही. धूळ रबरी फुंकणीने उडवा. हेअर स्प्रेचा थर बसलाच तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य साबणाचा थेंब घालून, ओल्या कापसाचा बोळा न दाबता फिरवा आणि काच उभी ठेवून निथळू द्या. वापर नसेल तेव्हा सुती कापड चौकटीवरून सोडा, काचेला टेकू देऊ नका. पावसाळ्यात लाकडी चौकट फुगते आणि कोन हलतो, म्हणून चौकट ॲल्युमिनियमची करून घ्या, आणि तरीही नवी नवरी बसवण्याआधी एक डोळा मिटून बाहुली गोल दिसते ना, ते बघा.